‘सर, तुम्ही फक्त ओटीपी द्या’ : नोकरी सांभाळून ऑनलाइन दुकान काढताना होणारी फसवणूक

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी नोकरदाराला ऑनलाइन दुकान उभारून देणाऱ्या एजन्सीचा हा फोन येतो रात्री साडेनऊच्या सुमारास. माणूस वाकडच्या ट्रॅफिकमधून सुटून नुकता घरी टेकलेला असतो, उद्याचा सॉफ्टवेअर रिलीज डोक्यात असतो. पलीकडचा आवाज गोड. ‘सर, तुमच्याकडे वेळ नाही हे माहीत आहे. दुकान तुमचं, मेहनत आमची. तुम्ही फक्त ओटीपी द्या.’ पॅकेज 60,000 रुपयांचं, आणि ऑफर आज रात्री बारापर्यंतच.

नंबर त्यांना कुठून मिळतो? आधीच्या रविवारी झालेल्या 99 रुपयांच्या ऑनलाइन वर्कशॉपमधून. अडीच तासांत शिकवत काहीच नाहीत; चॅटमध्ये कोण किती पगार, किती ताण म्हणून लिहितो ते टिपून घेतात. जो जास्त थकलेला, त्याला पहिला फोन.

पैसे एकदम नसतील तर ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे येतो. हप्ता म्हणजे तुमच्या नावावरचं वेगळं कर्ज. एजन्सी उद्या पळाली तरी हप्ता थांबत नाही, आणि तुम्ही थांबवलात तर क्रेडिट स्कोअर तुमचाच पडतो.

करारात ‘100 टक्के पैसे परत’ असं ठळक छापलेलं असतं. त्याखालची बारीक अटही वाचा: सलग 180 दिवस, रोज किमान 1,000 रुपये जाहिरातीवर घातले असतील तरच परतावा. गुणाकार करा. 60,000 परत मिळवायला 1,80,000 घालवायचे! शिवाय वाद झालाच तर कोर्ट भलत्याच शहरातलं.

पहिला महिना मात्र छान जातो. वेबसाइट दिसते, ऑर्डर येतात, व्हॉट्सअॅपवर हिरव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट येतो: विक्री 49,900. खरी मेख इथे आहे. समजा, 499 रुपयांच्या पाण्याच्या बाटलीच्या 100 ऑर्डर आल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. त्यातल्या 30 आरटीओ झाल्या, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, ग्राहकाने न घेता माल माघारी. संगम पुलाजवळचं ते आरटीओ नव्हे, पण मनस्ताप तेवढाच. हातात आले 70 × 499, म्हणजे 34,930. आता खर्च. जाहिरात ऑर्डरमागे 120 प्रमाणे 12,000. कुरियर जाताना 70 प्रमाणे 7,000, परतीचे 60 प्रमाणे 1,800. माल 240 प्रमाणे 24,000, कारण परत आलेल्या 30 बाटल्या ‘डॅमेज’ म्हणून सप्लायरच ठेवून घेतो. एकूण 44,800. स्क्रीनशॉटमध्ये विक्री 49,900, खिशातून गेले 9,870, आणि जीएसटीचा हिशेब अजून बाकीच.

हा सप्लायर कोण, ते एजन्सी सांगत नाही. तो त्यांचाच माणूस असू शकतो. तसलीच बाटली रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घाऊक भावात 110 ला मिळत असेल, तर याच शंभर ऑर्डरींत 3,130 रुपये सुटतात. म्हणजे तोटा धंद्यात नाही, 240 च्या भावात आहे. म्हणून पैसे भरण्याआधी एक शनिवार काढून रविवार पेठेत चक्कर मारा आणि त्याच वस्तूचा भाव विचारा. एवढ्यानेच निम्मी पॅकेजेस गळून पडतील.

दुसरी गोम कुरियरच्या खात्यात. खातं एजन्सीच्या नावावर असेल तर ग्राहकाने दारात दिलेली रोकड आधी त्यांच्या बँकेत जाते. मग ‘सेटलमेंट पुढच्या आठवड्यात’ हे ऐकत बसायचं.

पण फीपेक्षा महाग पडतो तो ओटीपी. तुमच्या पॅन-आधारवर ते जीएसटी नोंदणी काढतात आणि त्यात मोबाइल नंबर व ईमेल स्वतःचा टाकतात. नोटीस तुमच्यापर्यंत येतच नाही, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्यांच्या फोनवर. मासिक विवरण भरणाऱ्यासाठी जीएसटीआर-3बी या जीएसटी विवरणाची तारीख पुढच्या महिन्याची 20. चुकली तर निरंक विवरणालाही दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क, कमाल 500, आणि हे प्रत्येक विवरणाला. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या जीएसटी क्रमांकावर कुणी खोटी बिलं फाडली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. ही नोंदणी परत ताब्यात घ्यायला कागदपत्रं घेऊन संबंधित जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागतं, अर्थात ऑफिसातून सुटी टाकून. ज्या वेळेच्या टंचाईपायी हे सगळं केलं, ती अशी वसूल होते.

आणि ज्यासाठी ते ‘रजिस्ट्रेशन पॅकेज’ म्हणून पाच-दहा हजार घेतात, त्या जीएसटी नोंदणीला सरकारी फी शून्य आहे. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणीही फुकट. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल मर्यादेत असलेला छोटा विक्रेता राज्यातल्या राज्यात अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसवर माल विकणार असेल, तर जीएसटी नोंदणीशिवाय नुसत्या एनरोलमेंट क्रमांकावर काम भागतं. सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे.

खरोखर करायचंच असेल तर एकच वस्तू, वीस नग, माल घरात. स्वतःच्या वेबसाइटवर आधी फक्त प्रीपेड ऑर्डर घ्या, आरटीओ जवळजवळ संपतो. पॅकिंगला रात्रीचा एक तास, आठवड्यातून चार दिवस. ऑफिसात रिलीज असेल त्या आठवड्यात जाहिरात बंद. दिवसाला पाचच्या वर ऑर्डर जायला लागल्या तर नग वाढवण्याआधी पॅकिंगला माणूस बघा. मार्केटप्लेसवर माल पाठवायची मुदत पाळली नाही तर रेटिंग पडतं, त्यामुळे झेपेल तेवढाच स्टॉक दाखवा. नोकरीच्या करारातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलमही आधी वाचा. आयटीआर-1 मात्र आता चालणार नाही. पगारासोबत धंद्याचं उत्पन्न आलं की आयटीआर-3 किंवा 4.

पैसे गेलेच असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी ईमेल, डोमेन, सेलर खातं आणि जाहिरात खात्याचे पासवर्ड बदला, जाहिरातीला जोडलेलं कार्ड काढा. नंतर एजन्सीशी भांडा. उलट केलंत तर रागाच्या भरात ते दुकानच पुसून टाकतात. कार्डाने भरले असतील तर बँकेत लगेच चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. 1930 वर फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार त्याच दिवशी. हिंजवडी-वाकड पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात, खराडी-हडपसर पुणे शहरात. पोलिस ‘हा दिवाणी मामला’ म्हणतील. तेव्हा कामाला येतं ते विकतानाचं खोटं: वर्कशॉपचं रेकॉर्डिंग, खोट्या कमाईचे स्क्रीनशॉट, एक्स्पोर्ट केलेलं व्हॉट्सअॅप चॅट. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. समोरचा वकील ‘व्यावसायिक हेतू’चा मुद्दा, म्हणजे धंद्यासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’च नव्हे असा, काढणार, त्याची तयारी ठेवून जा.

यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे साठ हजार मंजूर झालेत, फक्त 18 टक्के जीएसटी आधी भरा.’ नाव, रक्कम, तारीख, सगळं त्याला पाठ असतं, कारण फसलेल्यांची यादी तीच असते. 60,000 चे 18 टक्के म्हणजे 10,800, आणि तेही रात्री साडेनऊलाच मागतात.