टिळकवाडीतला केक आणि मांडीवरचा कुंदा

नातीचा दुसरा वाढदिवस. खानापूरहून बसनं बेळगावला आलो, मांडीवर कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, डबा. केक टिळकवाडीतल्या एका बेकरीत आधीच सांगून ठेवलेला, बिनअंड्याचा, एक किलो. पाचला देतो म्हणाले, हातात पडला पावणेसातला. वर नाव बघतो तर 'ऋ'च्या जागी 'रु'! काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "अज्जा, ओंदु निमिष," म्हणजे कानडीत 'आजोबा, एक मिनिट', आणि चाकूनं क्रीम खरवडून पुन्हा लिहिलं. शेपटी जरा वाकडी, पण अक्षर बरोबर. केक खरंच मऊ होता, क्रीम मात्र भलतंच गोड. नातीनं एक बोट चाखून तोंड फिरवलं नि डब्यातल्या दाणेदार, खरपूस कुंद्यावर हात मारला. पुढच्या वर्षीही केक तिथलाच घेईन, पण चारपासूनच काउंटरसमोर उभा राहीन.