क्लॉटिंगच्या (रक्त गोठण्याच्या) टेस्टसाठी घरी येणारी लॅब की फोंड्यातली छोटी लॅब? माझा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल असल्या नेहमीच्या टेस्टना अ‍ॅपवरून बुक करून घरी येणारी लॅब मस्त आहे, 5 पैकी 4, डोळे झाकून बोलवा. पण घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल आणि डॉक्टरांनी व्हॉन विलेब्रँड, फॅक्टर एट असलं काही लिहून दिलं असेल तर त्याच लॅबला मी 5 पैकी 1 देईन, आणि तो एकसुद्धा येणारा मुलगा वेळेवर आला नि नीट बोलला म्हणून. गोव्यात फोंड्यातली एक छोटी लॅब, आत शिरताना वाकावं लागतं असला जिना, तिला साडेचार. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही, ही असली टेस्ट घरबसल्या होते असं जे सांगितलं जातं त्याच्याशी आहे.

तर झालं असं की आम्ही डिचोलीचे, माझी लेक सोळा वर्षांची. लहान होती तेव्हापासून तिचा घोळणा फुटायचा, एप्रिल-मे लागला की जास्तच. सासूबाई म्हणायच्या उष्णता आहे, मग दूर्वांचा रस, कांदा हुंगवणे, मान मागे टाकून झोपवणे, सगळं झालं. (मान मागे टाकू नका हो, रक्त घशात जातं आणि पोरं मग उलटी करतात. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरायचा, मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही.) पुढे पाळी सुरू झाली तर आठ-आठ दिवस, तास-दोन तासात पॅड बदलायचं, रात्री उठून बदलायचं, हिमोग्लोबिन कायम खाली आणि वर्षभर आयर्नच्या गोळ्या. आता यात विचित्र असं घरात कुणालाच वाटलं नाही कारण माझं तसंच, माझ्या आईचं तसंच, धाकट्या बहिणीचं तसंच, आमच्या माहेरी बायकांना जास्तच जातं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. शेवटी खरं काय ते कळलं डेंटिस्टमुळे. एक दात काढला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कापूस लालच. त्या डेंटिस्टने टाका घातला आणि सरळ विचारलं की हिच्या आईला बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं का. गेलं होतं, चढवावं लागलं होतं. मग त्यांनी हेमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

त्या डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते थोडक्यात लिहिते, कारण त्याशिवाय लॅबचा रिव्ह्यू कळणार नाही. रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक चिकट प्रोटीन असतं. जखम झाली की प्लेटलेट्सना तिथे धरून ठेवायचं काम त्याचं, आणि दुसरं काम म्हणजे फॅक्टर एटला (रक्त गोठवणारं आणखी एक प्रोटीन) सांभाळायचं, नाहीतर तो रक्तात टिकत नाही. हे प्रोटीन कमी असेल किंवा असून धड काम करत नसेल तर रक्त थांबायला वेळ लागतो. यालाच व्हॉन विलेब्रँड आजार म्हणतात. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारात हा सगळ्यात जास्त आढळणारा, हिमोफिलियापेक्षाही, फक्त याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. हिमोफिलियाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो म्हणून तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो, याचा जीन 12 नंबरच्या क्रोमोसोमवर, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होऊ शकतो, पण पाळी आणि बाळंतपणामुळे बायकांना जास्त भोगावं लागतं. टाइप 1 मध्ये प्रोटीन कमी, बहुतेक लोक याच टाइपचे. टाइप 2 मध्ये प्रोटीन आहे पण बिघडलेलं, त्याचे परत चार उपप्रकार. टाइप 3 मध्ये जवळजवळ नाहीच, तो सगळ्यात वाईट आणि दुर्मिळ, त्यात आई-बाप दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो.

1926 मध्ये फिनलंडच्या एरिक व्हॉन विलेब्रँड या डॉक्टरांनी आलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल हे पहिल्यांदा लिहिलं. त्यांनी तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. हे वाचल्यापासून "बायकांना जातंच" हे वाक्य घरात कुणी बोललं की मी गप्प बसत नाही.

आता लॅब. अ‍ॅपवर "ब्लीडिंग डिसऑर्डर पॅकेज" म्हणून छान फोटोबिटो लावलेलं, त्यात काय तर बीटी, सीटी, पीटी, एपीटीटी (रक्त थांबायला-गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या टेस्ट) आणि प्लेटलेट काउंट. माझ्याकडच्या चिठ्ठीवर व्हीडब्ल्यूएफ (म्हणजे तेच व्हॉन विलेब्रँड प्रोटीन) अँटिजेन, म्हणजे ते किती आहे, व्हीडब्ल्यूएफ अ‍ॅक्टिव्हिटी (ते काम किती करतं) आणि फॅक्टर एट. कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम, सब इसी में आ जाता है." काही येत नाही हो त्यात! या आजारात पीटी नॉर्मल, प्लेटलेट बहुतेक वेळा नॉर्मल, एपीटीटीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो, म्हणजे ते पॅकेज करून लोक निवांत घरी बसत असणार की आपल्याला काही नाही. मी हट्ट धरला तेव्हा वेगळ्या टेस्ट बुक करून दिल्या, पैसे जवळजवळ तिप्पट.

सकाळी मुलगा आला. लेक सुईला घाबरते, रडारड झाली, त्यात हाताचा पट्टा आवळून तो शीर शोधत बसला, बराच वेळ. रक्त आधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं, मग पिवळ्या, आणि शेवटी उरलंसुरलं निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. ती निळी अर्धीच भरली. मी विचारलं एवढं पुरेल का, तर म्हणे मशीनला थोडंच लागतं. मग सगळ्या ट्यूब त्याच्या डब्यात, बाजारातून इसवण मासा आणावा तशा बर्फात घालून, आणि गडी निघाला पुढे साखळीला, तिथून अजून दोन-तीन घरं, मग पणजी, मग म्हणे सॅम्पल विमानाने दुसऱ्या राज्यात जातं.

रिपोर्ट आला. अँटिजेन 36, अ‍ॅक्टिव्हिटी 17, एपीटीटी लांबलेला. खाली इंग्रजीत टाइप 2 ची शक्यता. नवऱ्याने रात्रभर नेटवर वाचून काढलं आणि सकाळी चेहरा पाडून बसला. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, "हे बर्फातून नेलं होतं का?"

तर गोष्ट अशी आहे. निळ्या ट्यूबमध्ये आधीच सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं असतं, 3.2 टक्के, आणि प्रमाण ठरलेलं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. ट्यूब अर्धी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि क्लॉटिंगचा वेळ उगाच लांबलेला दिसतो. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए नावाचं रसायन पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तरी क्लॉटिंगचे आकडे बिघडतात, म्हणून निळी तिच्या आधी भरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशी वेगळ्या न केलेलं अख्खं रक्त थंड ठेवलं की हे प्रोटीन त्यातून कमी होतं, त्यातही त्याचे मोठे मोठे तुकडे आधी जातात जे खरं काम करतात, मग अँटिजेन थोडं कमी आणि अ‍ॅक्टिव्हिटी खूपच कमी असा रिपोर्ट येतो आणि तो हुबेहूब टाइप 2 सारखा दिसतो. आपल्याला वाटतं बर्फात ठेवलं म्हणजे काळजी घेतली! रक्त साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं, चार तासांच्या आत मशीनवर घालायचं, आणि लांब पाठवायचं असेल तर आधी इथेच मशीनमध्ये गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशी सोडून रक्तातलं वरचं पाणी) वेगळा काढून तो फ्रीझ करून पाठवायचा. घरोघरी फिरणाऱ्या माणसाकडून हे कसं होणार, त्याच्याकडे ना मशीन ना वेळ. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नसेल.

डॉक्टरांनीच फोंड्यातली लॅब सुचवली. तिथे एक पन्नाशीच्या टेक्निशियन बाई आहेत, त्यांच्यासाठीच हा रिव्ह्यू म्हणा ना. आधी सुईला हातच लावला नाही. ताप येऊन गेलाय का, हॉर्मोनची गोळी चालू आहे का, दुखण्याची कुठली गोळी घेतलीस का, जिना धावत चढलीस का, सगळं विचारलं आणि "बस गो बाय पंख्याखाली, घाई ना" म्हणून वीसेक मिनिटं बसवून ठेवलं. मला वाटलं टाइमपास चाललाय. नंतर कळलं की ताण, रडणं, धावपळ, ताप, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, या सगळ्याने हे प्रोटीन तात्पुरतं वाढतं आणि कमी असलेला माणूससुद्धा नॉर्मल दिसू शकतो. मग बारीक नळीवाली सुई, पहिली छोटी ट्यूब नुसती फेकायला कारण नळीतली हवा निळ्या ट्यूबमध्ये गेली की ती कमी भरते. रक्त यायला लागल्याबरोबर पट्टा सैल. निळी ट्यूब बरोबर रेघेपर्यंत, मग हळूच तीन-चारदा उलटीसुलटी केली, हलवली नाही. आणि लगेच शेजारच्या खोलीत मशीनला. दोनदा फिरवून प्लाझ्मा छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांत काढला, प्रत्येकीवर नाव नि वेळ लिहून फ्रीझरमध्ये टाकला. एपीटीटी नि फॅक्टर एट तिथेच होतात, बाकीचं ड्राय आइसमध्ये मुंबईला जातं.

या अ‍ॅक्टिव्हिटी टेस्टची एक गंमत बाईंनी सांगितली, जुन्या पद्धतीत रिस्टोसेटिन नावाचं औषध वापरतात. ते मुळात अँटिबायोटिक होतं, पण पेशंटच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून कमी व्हायला लागल्या म्हणून बंद केलं, आणि नेमकं तेच चिकटवणं लॅबला कामाला आलं.

नवीन रिपोर्ट: अँटिजेन 41, अ‍ॅक्टिव्हिटी 39, फॅक्टर एट 58, एपीटीटी नॉर्मल. दोन्ही आकडे सारखेच कमी म्हणजे टाइप 1. आजार आहेच, तो काही पळाला नाही, 2021 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे 30 च्या खाली असेल तर हिस्ट्री नसली तरी निदान, आणि 50 च्या खाली असून रक्तस्रावाची हिस्ट्री असेल तरी निदान. लेकीचा ब्लड ग्रुप ओ आहे, ओ वाल्यांचं हे प्रोटीन इतरांपेक्षा पाव हिश्श्याने कमीच असतं, पण म्हणून तिचा त्रास खोटा ठरत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. तरीही अजून एकदा रिपीट करून मगच पक्कं केलं. टाइप कळणं गरजेचं अशासाठी की डेस्मोप्रेसिन नावाचं औषध टाइप 1 च्या बऱ्याच लोकांना चालतं, ते शरीरात साठवलेलं प्रोटीन बाहेर काढतं, पण टाइप 2 च्या एका उपप्रकारात त्याने प्लेटलेट्स आणखी कमी होऊ शकतात. म्हणजे बर्फातल्या त्या रिपोर्टवर कुणी घाईत उपचार ठरवले असते तर?

आता पाळीत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. दप्तरात एक कार्ड, आजाराचं नाव आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेलं. फरक पहिल्या-दुसऱ्या पाळीतच कळला, शाळा बुडणं थांबलं.

लॅबचा अर्धा स्टार का कापला तेही सांगते. पार्किंग नाहीच, बाजाराच्या दिवशी तर गाडी कुठे ठेवायची हा वेगळा प्रश्न. रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाला लावूनच बोलते. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आडवा फोटो काढून येतो, डॉक्टरला दाखवायला प्रिंट हवी तर परत जा. या टेस्टचं रक्त फक्त सकाळी घेतात, आणि मुंबईचे आकडे यायला आठवड्यावर लागतो. पैसे अ‍ॅपवाल्यांपेक्षा थोडे कमीच झाले, पण सुट्टे नेऊन ठेवा.

माझी स्वतःची टेस्ट पण तिथेच केली, माझंही कमीच निघालं. बहीण सध्या सावंतवाडीला, सातवा महिना, तिची आता केली तर नॉर्मल दिसेल कारण गरोदरपणात हे प्रोटीन दुप्पट-तिप्पट वाढतं. बाळंतपणानंतर मात्र काही आठवड्यांत ते मूळच्या पातळीवर येतं, म्हणून तिच्या डॉक्टरांना घरातली हिस्ट्री आताच सांगून ठेवलीय, तिच्यावर लक्ष ठेवतील, आणि बाळ थोडं मोठं झालं की मग टेस्ट.

तुमच्या गावात दुसरी लॅब असेल तर फोनवर एवढंच विचारा: निळ्या ट्यूबचं रक्त तुम्ही इथेच फिरवता का, आणि पाठवताना प्लाझ्मा फ्रीझ करून पाठवता की अख्खं रक्त. उत्तर देताना समोरचा अडखळला तर फोन ठेवून द्या. मुंबईला जाणं-येणं असेल तर परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) रक्तविकारांची संस्था आहे, तिथेही या टेस्ट होतात. आणि फोंड्यालाच जाणार असाल तर सोमवार ते बुधवार जा, शुक्रवारी दिलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत त्यांच्या फ्रीझरमध्येच बसतं.