नैराश्यावर गोळ्या की समुपदेशन?

धरमपेठेत राहणारी माझी मावसबहीण डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन गेले दोन आठवडे द्विधेत आहे, म्हणून ही तुलना.

खर्चात गोळ्या स्वस्त पडतात, कारण सर्ट्रालिनसारखी औषधे जेनेरिक मिळतात. समुपदेशनाच्या साधारण १२ ते २० बैठकांना पैसा आणि वेळ दोन्ही लागतात.

गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, पण मळमळ आणि झोपेची तक्रार त्याआधीच सुरू होते, त्यामुळे अनेकजण औषध अर्ध्यावर सोडतात, आणि मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. लैंगिक इच्छा मंदावल्यास तेही डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावे. पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवावे. बरे वाटल्यावरही किमान ६ महिने गोळ्या घेऊन, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्या हळूहळू कमी कराव्यात.

समुपदेशनात हे शारीरिक त्रास नाहीत आणि शिकलेले पुढेही उपयोगी पडते. मात्र अंथरुणातून उठणेच जमत नसलेल्या माणसाला ते पेलत नाही.

म्हणून सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन, तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.