अयुथ्थया: बसने जाऊ नका, नावेने फिरा

बँकॉकच्या जवळपास प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर अयुथ्थयाची, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीची, एक दिवसाची सहल विकायला असते. सकाळी सातला गाडी येते, दहाच्या सुमारास तिथे पोहोचवते, चार देवळं दाखवते आणि तीन वाजता सगळ्यांना परत बसमध्ये बसवते. गाईड बहुतेक वेळा बरा असतो, जेवणही चालून जातं. फसते ती वेळ. दहा ते तीन या वेळात तापलेल्या विटांवर उभं राहवत नाही आणि या अवशेषांत सावली जवळजवळ नाहीच. ज्या दोन गोष्टींसाठी इथे यावं, म्हणजे सकाळचे रिकामे अवशेष आणि संध्याकाळची नदी, त्या दोन्ही सहलीच्या वेळापत्रकाबाहेर राहतात. तेव्हा सहल घेऊ नये, एक रात्र मुक्काम करावा आणि आगगाडी, सायकल व नाव यांची जोडणी स्वतः करावी. खर्चही कमीच होतो.

आधी गावाची ठेवण लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुनं शहर बेटावर आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला चाओ फ्राया, पूर्वेला पा साक, उत्तरेला लोपबुरी नदी. १३५० च्या सुमारास राजा उ थोंगने, म्हणजे पहिल्या रामाधिबोदीने, इथे राजधानी वसवली आणि १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जाळली. मधली चारशेहून अधिक वर्षं या घाटांना जगभरची जहाजं लागत होती. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि १५११ मध्ये त्यांचा दूत इथल्या दरबारात हजर होता. पोर्तुगीज, जपानी आणि डच वसाहतींच्या जागा आजही बेटाच्या दक्षिणेला नदीकाठी दाखवतात. शहर पाण्याकडे तोंड करून बांधलेलं असल्यामुळे रस्त्यावरून पाहिलं की त्याची पाठच दिसते.

पोहोचायला आगगाडीच उत्तम, पण नेमका इथेच पहिला घोळ होतो. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात, साध्या गाड्या मात्र अजून जुन्या हुआ लाम्फोंगहून. तिकीट एका स्थानकाचं आणि माणूस दुसऱ्या स्थानकावर, असं सर्रास होतं. साध्या गाडीचा तिसरा वर्ग वीसेक बाटमध्ये पोहोचवतो. वातानुकूलित जलद गाडीला त्याच्या दसपट पैसे पडतात आणि वाचतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. पंखे आणि उघड्या खिडक्यांची सवय असलेल्यांनी तिसऱ्या वर्गानेच जावं. भारतातून डॉन म्युआंग विमानतळावर उतरणाऱ्यांना तर बँकॉकमध्ये शिरायचीही गरज नाही. टर्मिनलमधून पादचारी पूल थेट स्टेशनवर जातो. फक्त तिथेही लांबच्या गाड्या वरच्या फलाटावर आणि साध्या गाड्या खाली येतात, म्हणून तिकिटावरचा गाडी क्रमांक दाखवून फलाट विचारून घ्यावा.

अयुथ्थया स्टेशन बेटावर नाही, पा साकच्या पूर्व काठावर आहे. बाहेर पडताच टुकटुकवाले नकाशाचे फलक घेऊन पुढे येतात. त्यांना ओलांडून समोरच्या गल्लीने सरळ चालत गेलं की दोन-तीन मिनिटांत पलीकडे नेणाऱ्या नावेचा धक्का लागतो. पाच-दहा बाट, दोन मिनिटांत पलीकडे. सायकलही नावेत चढवता येते आणि चढवावीच, कारण बेटाला जोडणाऱ्या प्रीदी-थामरोंग पुलावर गाड्या फार वेगात असतात.

सायकल दिवसाला पन्नासेक बाटला मिळते. जमीन सपाट आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे बिचकायचं कारण नाही. घेताना मात्र दोन्ही ब्रेक दाबून पाहा, सीटचा बोल्ट हाताने फिरत नाही ना ते बघा आणि कुलूप मागून घ्या. बहुतेक तक्रारी दुपारी घसरत जाणाऱ्या सीटच्या असतात. अनामत म्हणून मूळ पासपोर्ट ठेवून घेणारी दुकानं टाळावीत. झेरॉक्स आणि थोडी रोख अनामत चालवून घेणारं दुकान त्याच गल्लीत असतं. संध्याकाळनंतर अवशेषांच्या आसपासची भटकी कुत्री अंगावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत सायकल परत करावी. स्कूटरच्या भानगडीत आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर पडू नये, अपघात झाला तर विमा हात वर करतो. टुकटुक तासावर ठरवायचा, माणशी नव्हे, गाडीमागे, आणि थांबून राहण्याचा वेळ त्यात धरलाय ना हे निघायच्या आधी बोलून घ्यायचं. बसक्या गोल नाकाचे हे टुकटुक बँकॉकच्या टुकटुकपेक्षा प्रशस्त असतात. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर सायकलीचा हट्ट सोडून हेच घ्यावेत. हत्तीवरून फेरीही विकली जाते. डांबरी रस्त्यावर दिवसभर माणसं वाहणाऱ्या जनावराच्या पाठीवरून देवळं पाहण्यात काही मौज नाही.

तिकिटांचं गणित सोपं आहे. मुख्य अवशेषांना वेगवेगळं तिकीट लागतं आणि सहा ठिकाणांचं एकत्र तिकीटही मिळतं (थाई भाषेत ‘वात’ म्हणजे देऊळ): वात महाथात, वात रात्चाबुराना, वात फ्रा राम, वात फ्रा सी सानफेत, वात चायवत्थनाराम आणि वात महेयोंग. यातलं शेवटचं बेटाबाहेर पूर्वेला आहे आणि बहुतेकांचं राहूनच जातं, म्हणून चार-पाच ठिकाणं नक्की करणार असाल तरच एकत्र तिकीट परवडतं. ते घेतलं तर संध्याकाळपर्यंत जपून ठेवा, नावेतून उतरल्यावर चायवत्थनारामलाही तेच चालतं. चालू देवळं, म्हणजे वात याय चाय मोंगखोन किंवा वात फनान चोएंग, यात येत नाहीत. तिथे वीसेक बाट वेगळे.

सकाळी आठला दारं उघडतात तेव्हा वात महाथातला हजर राहावं. पिंपळाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक इथेच आहे, आणि नऊनंतर त्याच्यापुढे रांग लागते. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या मस्तकापेक्षा वर जाता कामा नये. रखवालदार हे पाहायलाच उभे असतात. शिर उडवलेल्या मूर्तींच्या मागे उभं राहून आपलं तोंड त्या जागी दाखवणं हा तर इथला सगळ्यांत संतापजनक प्रकार मानला जातो. महाथातचं मुख्य शिखर १९११ मध्ये कोसळलं, त्यामुळे मधोमध नुसता चौथरा उरलाय. शिखर बघायचं तर रस्त्यापलीकडे वात रात्चाबुराना.

रात्चाबुरानाला घाईघाईत पाहणारे चुकतात. गादीसाठी दोन राजपुत्र हत्तीवरून लढले आणि दोघेही मेले. गादी मिळालेल्या तिसऱ्या, धाकट्या भावाने त्या जागी १४२४ मध्ये हे देऊळ उभारलं. शिखराच्या पोटात तळघर आहे. १९५७ मध्ये चोरांनी ते फोडलं, बरंच सोनं लांबवलं, आणि उरलेलं पुरातत्त्व खात्याने काढून चाओ साम फ्राया संग्रहालयात ठेवलं. शिखराच्या खड्या पायऱ्या चढून मग आत तितक्याच खड्या, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरता येतं. तळाशी भिंतीवर पुसट होत चाललेली चित्रं आहेत. हवा कोंदट असते, एका वेळी दोन-तीन माणसंच मावतात आणि पाठीवरची पिशवी भिंतींना घासते. ती वर सोबत्याकडे ठेवावी. गुडघे कुरकुरत असतील तर खाली बसूनच शिखर पाहिलेलं बरं. संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथली सोन्याची तलवार आणि छोटा सोन्याचा हत्ती पाहिल्याशिवाय रिकाम्या तळघराचा अर्थ लागत नाही, तेव्हा सोमवार टाळूनच बेत आखावा. दुपारचे दोन तास काढायलाही हीच जागा योग्य.

वात फ्रा सी सानफेत हे राजवाड्याच्या आवारातलं देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. ओळीने उभे असलेले तीन स्तूप तेवढे उरलेत. शेजारच्या विहान (प्रार्थनागृह) फ्रा मोंगखोन बोफितमध्ये काशाची प्रचंड बुद्धमूर्ती आहे, प्रवेश फुकट आणि डोक्यावर छप्पर. उत्तरेला खंदकापलीकडचं वात ना फ्रा मेन बहुतेक सहलींत नसतं. १७६७ च्या जाळपोळीतून वाचलेलं हे देऊळ जुन्या शहराची छतं आणि खांब कसे असतील याचा अंदाज देतं. एखादं ठिकाण गाळायचंच असेल तर वात फ्रा राम गाळा. ते रात्री दिव्यांच्या उजेडात, बाहेरच्या तळ्याच्या काठावरूनच जास्त खुलतं, आणि त्याला तिकीट लागत नाही.

आता नाव. दुपारी चारच्या सुमारास हुआ रो बाजाराजवळच्या धक्क्यावरून आणि आसपासच्या गेस्टहाउसांमार्फत सामायिक फेऱ्या निघतात, माणशी साधारण २०० बाट, वेळ दोन तास. संपूर्ण अयुथ्थयात पैशाचं सर्वांत जास्त मोल देणारी सेवा हीच. नाव पा साकने खाली जाऊन चाओ फ्रायाला मिळते आणि तीन ठिकाणी थांबते. आधी वात फनान चोएंग, कारण तिथलं विहान लवकर बंद होतं. राजधानी वसायच्या सुमारे पंचवीस वर्षं आधीची, १९ मीटर उंचीची बसलेली बुद्धमूर्ती तिथे आहे. लोक भगवी वस्त्रं अर्पण करतात, ती वर मूर्तीच्या मांडीवर झेलून पांघरली जातात. इथे चिनी वंशाच्या भाविकांची गर्दी असते आणि रविवारी चेंगराचेंगरी. मग वात फुत्थाइसावान, आणि शेवटी १६३० मध्ये राजा प्रासात थोंगने बांधलेलं वात चायवत्थनाराम.

फेरी चारचीच का, तर चायवत्थनाराम नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि त्याचं तोंड पूर्वेला, पाण्याकडे. सूर्य त्याच्या मागे बुडतो. मधलं ३५ मीटरचं शिखर आणि भोवतालची लहान शिखरं यांची काळी रेघ फक्त नदीतूनच अशी दिसते. नाव धक्क्याला लागताना नव्हे, सुटताना कॅमेरा तयार ठेवा. नक्षीचे बारकावे पाहायचे तर मात्र सकाळी वेगळं यावं लागतं, तेव्हा ऊन समोरून पडतं. २०१८ मध्ये गाजलेल्या एका थाई मालिकेनंतर दारासमोर दरबारी पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानांची रांग लागली आहे. अर्ध्या तासाच्या थांब्यात पोशाख नेसून फोटो होत नाहीत, त्या नादात नाव चुकते.

नावेला मागे मोटारीचं इंजिन बसवलेलं असतं, त्यामुळे मागची जागा म्हणजे दोन तास कानठळ्या. पुढे आवाज कमी, तुषार जास्त. मध्यभागी बसावं आणि लाइफ जॅकेट अंगावर चढवूनच. देवळांची तिकिटं २०० मध्ये धरलेली नसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी चढतं, तेव्हा काही धक्के बुडतात आणि फेरी आखूड होते. २०११ च्या पुरात चायवत्थनाराम पाण्यात उभं होतं, आता काठावर पूर अडवणारी भिंत उभारली जाते.

खाण्यात शाकाहारींची पंचाईत आहे. भाजी म्हणून समोर येणाऱ्या पदार्थातही माशाचा सॉस असतो, आणि नावेवरच्या नूडल्सच्या गडद रश्शात प्राण्याचं रक्त घालतात. पिवळ्या फलकावर लाल अक्षरं असलेली ‘जे’ खाणावळ शोधावी, तिथे मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर कांदा-लसूणही नसतं. मासे खाणाऱ्यांनी भाजलेली नदीतली मोठी कोळंबी जरूर घ्यावी, पण दर किलोवर असतो. वजन समोर करून, आकडा लिहून घेतल्याशिवाय निखाऱ्यावर ठेवू देऊ नये. गोडात रोती साय माय. साखरेचा पाक पीठ लावून ओढत ओढत केसासारखा करतात, सोनपापडीच्या तारा कुटायच्या आधी काढून घ्याव्यात तसा, आणि पातळ पोळीत गुंडाळून खातात. सरकारी इस्पितळासमोर उ थोंग रस्त्यावर मुस्लिम कुटुंबांची दुकानं ओळीने आहेत. तारा आणि पोळ्या वेगळ्या पिशव्यांत घ्या. दमट हवेत तारांचा गोळा होतो, मुंबईपर्यंत ते टिकत नाही.

सणांपैकी लोय क्राथोंग आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला येतो. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं, फुलं, मेणबत्ती आणि उदबत्त्या लावून नदीत सोडतात. फोमचे क्राथोंग घेऊ नयेत. प्रांतातला मोठा सोहळा बांग सायच्या हस्तकला केंद्रात होतो, पण परतीला वाहन मिळत नाही. गाडी ठरवलेली नसेल तर बेटावरचाच एखादा धक्का गाठावा. सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल, हत्तीही सोंडेने पाणी उडवतात, आणि ऊन मी म्हणत असतं. खरा वेगळा सण म्हणजे फाक हाय तालुक्यातल्या लात चादोची वर्षावासाच्या मेणबत्त्यांची नावांवरची मिरवणूक. ती आषाढी पौर्णिमेच्या सुमारास असते, पण आपलं पंचांग पाहून तिकीट काढू नका. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी येतोच असं नाही. २०२३ मध्ये आपली गुरुपौर्णिमा ३ जुलैला होती, त्यांची आसान्हा बुचा, म्हणजे आषाढी पौर्णिमा, १ ऑगस्टला.

परतताना साधी गाडी बांग पा-इनला थांबते. तिथला उन्हाळी राजवाडा दुपारी चारच्या सुमारास बंद होतो, म्हणून दोनच्या आत पोहोचावं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. राजवाड्यापेक्षा मजेदार आहे ते पलीकडच्या बेटावरचं वात निवेत थम्माप्रवात. राजा चुलालोंगकोर्नने १८७८ मध्ये ते हुबेहूब गॉथिक चर्चसारखं बांधून घेतलं, आत वेदीवर बुद्ध. नदी ओलांडायला तारेवरून सरकणारा लहानसा पाळणा आहे, भिक्षूच तो चालवतात. भाडं नाही, दानपेटी आहे.