क्लायस्ट्रॉन की सॉलिड स्टेट? त्वरकासाठी आरएफ शक्ती निवडताना

कणांना वेग द्यायला त्वरकाला रेडिओ-लहरींची (आरएफ) शक्ती लागते, ती ॲम्प्लिफायर देतो. इथे निवड दोघांत: क्लायस्ट्रॉन म्हणजे एक मोठी निर्वात नळी, सॉलिड स्टेट म्हणजे जोडलेले अनेक ट्रान्झिस्टर. असा ॲम्प्लिफायर घ्यायची वेळ आली की चर्चा कार्यक्षमतेच्या टक्क्यांवर अडकते. माझ्या मते ते टक्के नंतर. आधी वारंवारता आणि शिखर-शक्ती बघा, आणि लगेच विचारा: रात्री दोन वाजता एक भाग जळाला तर बीम (कणांचा झोत) टिकेल का?

वारंवारता आणि शिखर-शक्तीवरच काही जणांचा निकाल लागतो. कॅलिफोर्नियातल्या एसएलएसी या त्वरक-केंद्रामध्ये 2856 मेगाहर्ट्झचा एकेक क्लायस्ट्रॉन काही मायक्रोसेकंदांपुरती सुमारे 65 मेगावॉट शक्ती देतो. ट्रान्झिस्टर जोडत जोडत तिथवर जाणे आज परवडणारे नाही. रुग्णालयातल्या छोट्या त्वरकाचे मॅग्नेट्रॉनवर (मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असते तशा नळीवर) स्वस्तात भागते.

खरा पेच साठवण-वलयांचा, म्हणजे कण तासन्‌तास फिरत ठेवणाऱ्या कड्यासारख्या त्वरकांचा. 350 ते 500 मेगाहर्ट्झ, आणि अखंड काही दहा ते दीडदोनशे किलोवॉट.

क्लायस्ट्रॉन 1937 साली व्हेरियन बंधूंनी स्टॅनफर्डला घडवला, आणि तो अजून हटलेला नाही. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी त्वरकामध्ये 400 मेगाहर्ट्झचे 16 आहेत, प्रत्येकी 300 किलोवॉटचे. एका नळीतून एवढी शक्ती मिळते, म्हणून जोडण्या कमी. संपृक्त अवस्थेत (नळी कमाल शक्ती देत असताना) कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या वर जाते. पण नियंत्रणाला वाव हवा म्हणून नळी त्याच्या खालीच चालवावी लागते. उरलेली इलेक्ट्रॉन शलाका कलेक्टरवर आपटून पाणी तापवत राहते. वर दहाहजारो व्होल्टचा पुरवठा, त्याचा क्रोबार (बिघाड झाला की क्षणात पुरवठा तोडणारी यंत्रणा), क्ष-किरणांसाठी शिशाचे आवरण. पुरवठ्यातली लहर थेट आरएफच्या फेजमध्ये (लहरीच्या वेळेच्या ताळमेळात) उतरते. नळी गेली की केंद्राचे काम थांबते. राखीव नळीसुद्धा नुसती पडून चालत नाही, तिचे निर्वात अधूनमधून आयन पंपाने तपासावे लागते.

सॉलिड स्टेटचा मार्ग 2006 च्या सुमारास फ्रान्सच्या सोलेई या साठवण-वलयाने मोकळा केला: 352 मेगाहर्ट्झ, 300 वॉटच्या आसपासची सातशेहून अधिक मॉड्यूल जोडून 190 किलोवॉट. मॉड्यूल म्हणजे पाण्याने थंड ठेवलेल्या पट्टीवर बसवलेला ट्रान्झिस्टर, त्याच्याजवळ सर्क्युलेटर (उलट परतणारी शक्ती बाजूला वळवणारा भाग). व्होल्टेज मोजके, त्यामुळे हात लावायला भीती कमी. एक मॉड्यूल मेले तर साधारण दोन मॉड्यूलांइतकी शक्ती घटते, कारण त्याच्या वाट्याची येत नाही आणि जुळणी बिघडल्याने इतरांचीही थोडी वाया जाते. सातशेत हे जाणवत नाही. बीम चालू राहतो, पुढच्या देखभालीच्या दिवशी मॉड्यूल बदलायचे. माझे मन इथेच वळले.

सर्नने आपल्या एसपीएस त्वरकाच्या 200 मेगाहर्ट्झ यंत्रणेत 10,240 ट्रान्झिस्टर 32 मनोऱ्यांत बसवले. आपल्याकडे इंदूरच्या आरआरकॅट या त्वरक-संशोधन केंद्राने तिथल्या इंडस-2 साठवण-वलयाच्या 505.8 मेगाहर्ट्झवर क्लायस्ट्रॉन काढून स्वतः बनवलेले ॲम्प्लिफायर लावले. तिथल्याच लोकांनी अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या पीआयपी-2 त्वरक-प्रकल्पासाठी 650 मेगाहर्ट्झचेही विकसित केले. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, कारण दुरुस्ती करणारा माणूस आणि बनवणारा माणूस एकाच आवारात असतो.

तोटे लपवू नयेत. शेकडो पाण्याचे जोड, शेकडो कनेक्टर. त्यातला सैल राहिलेला एक सगळ्यात आधी तापतो. कंबाइनरमध्ये (मॉड्यूलांची शक्ती एकत्र करणाऱ्या भागात) थोडी शक्ती गळते. आणि ट्रान्झिस्टरची मोबाइल टॉवरवाल्या बाजारावर भिस्त, म्हणजे काही वर्षांत त्याच मॉडेल क्रमांकाचा ट्रान्झिस्टर बंद होतो. राखीव साठा पहिल्याच ऑर्डरीत घ्या.

150 किलोवॉटपर्यंतच्या 500 मेगाहर्ट्झ केव्हिटीला (जिच्यात आरएफ शक्ती कणांना ढकलते त्या धातूच्या पोकळीला) मी डोळे मिटून सॉलिड स्टेट म्हणेन. केव्हिटीमागे कित्येक शे किलोवॉट लागत असतील तर क्लायस्ट्रॉनच, आणि पुरवठादाराला नव्या, अधिक कार्यक्षम रचनेबद्दल विचारायला विसरू नका. निविदेत एक अट मात्र घालाच: स्वीकृती चाचणीत चार-पाच मॉड्यूल तुमच्या हाताने बंद करायची, आणि त्यानंतरही ठरलेली पूर्ण शक्ती चोवीस तास मिळाली पाहिजे.