कामाची ओळख कुठे वाढवायची? सिस्टर-ब्रदरांसाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, फेसबुक आणि लिंक्डइनची तुलना

"ताई, कामासाठी म्हणून कुठं खातं काढू? कुणी म्हणतं लिंक्डइन काढ, कुणी म्हणतं टेलिग्रामला ये. मला तर व्हॉट्सअ‍ॅपच झेपंना झालंय."

मागच्या महिन्यात इव्हिनिंगची ओव्हर देऊन निघताना एका ज्युनिअर सिस्टरनं मला हे विचारलं. ती जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, चार वर्षं एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात. दीड किलोच्या बाळाची शीर तिला पहिल्याच टोचणीत सापडते. पण हे ठाऊक असलेली माणसं मोजून तीस असतील: कक्षातले डॉक्टर, इन्चार्ज, सोबतच्या पोरी. तिला पोस्ट बेसिक बीएस्सी करायचंय, जमलं तर पुढं मोठ्या शहरातल्या नवजात अतिदक्षता विभागात जायचंय. त्या शहरात तिला ओळखणारं कुणी नाही.

मराठवाड्यात आपली कामाची ओळख हॉस्टेलच्या बॅचपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच थांबते. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) शिकलेली घाटीवाल्यांना ओळखते, अंबाजोगाईची अंबाजोगाईवाल्यांना. बदली होऊन हिंगोलीला नाहीतर भूमला गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नांदेडच्या खासगी हॉस्पिटलात खरा पगार किती देतात, हे तिथं लागलेली वर्गमैत्रीण सांगेल तेव्हा कळतं. पुण्यातल्या सीएनई (नोकरीतल्या परिचारिकांच्या पुढच्या शिक्षणाच्या) कार्यशाळेची खबर तारीख उलटल्यावर येते. परिचारिकांची देशपातळीवरची टीएनएआय ही संघटना १९०८ पासून आहे, पण तिच्या अधिवेशनाला जायला रजा मिळायला हवी. फोन मात्र नाईट ऑफलाही हातात असतो.

म्हणून मी चारही ठिकाणं एकाच प्रश्नावर तपासली: तिथं समोरच्याला माझं काय दिसतं? नंबर, नाव, घर, की काम? बाईमाणसानं तर हा प्रश्न आधी विचारावा.

व्हॉट्सअ‍ॅप: नंबर दिसतो

याला पर्याय नाही, हे आधीच सांगते. ड्युटी बदलून घ्यायची असो, रात्री दोनला ओ निगेटिव्ह रक्त लागो, प्राथमिक आरोग्य केंद्रातून रेफर केलेली गरोदर बाई निघाली का ते विचारायचं असो, सगळं इथंच होतं. ज्यांना आपण आधीच ओळखतो, त्यांच्याशी धागा टिकवायला याच्याइतकं सोपं काही नाही.

अडचण येते ती नवी ओळख करताना. एका ग्रुपात १,०२४ माणसं बसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो. माझ्या ओळखीतली एक सिस्टर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून अशाच एका "स्टाफ नर्स जॉब" ग्रुपात गेली. तिसऱ्या रात्रीपासून अनोळखी फोन सुरू झाले. "मॅडम, हॉस्पिटलातूनच बोलतोय" म्हणून सुरुवात, आणि पुढं नको ते बोलणं. तिनं शेवटी सिम बदललं. त्यात बँकेला, नर्सिंग परिषदेच्या नोंदणीला, शाळेला, सगळीकडे नंबर बदलत बसावं लागलं, तो त्रास वेगळाच.

तेव्हा आजच दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन "ग्रुप्स"ला "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे परका कुणी परस्पर तुम्हाला ग्रुपात ओढू शकणार नाही. तिथंच अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, तीही चालू करा. नोकरीच्या जाहिरातींपुरतंच बघायचं असेल, तर ग्रुपापेक्षा चॅनल बरं. चॅनलवर इतर फॉलोअर्सना तुमचा नंबर दिसत नाही.

आणखी एक उणीव आहे, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. इथं ज्ञान साठत नाही. फोटोथेरपीच्या (काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या) बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी सरकू नये म्हणून काय करता, असं एकीनं सकाळी दहाला विचारलं. तिघींनी फार चांगली उत्तरं दिली. अकरापर्यंत ती उत्तरं सुप्रभात आणि वाढदिवसांच्या फुलांखाली गेली. उत्तर देणाऱ्या त्या तिघी कोण, कुठल्या, किती अनुभवाच्या, हे आजही कुणाला माहीत नाही.

आणि केस पेपरचे फोटो. रेफरलसाठी आपण ते पाठवतो, गरजेपोटीच पाठवतो. मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं. पण फोटो दोन्ही फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो, आणि घरी तोच फोन लेकरं खेळायला घेतात. नाव कापून पाठवा, काम झालं की पुसा, "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद ठेवा.

टेलिग्राम: काहीच दिसत नाही

परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरींसाठी हे उत्तम आहे. एम्सची नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा असो की राज्यातली सरळसेवा भरती, प्रश्नसंच आणि नोट्स इथं ढिगानं मिळतात. ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, दोन जीबीपर्यंतची फाईल जाते आणि बहुतेक खुल्या ग्रुपांत नव्यानं आलेल्यालाही जुनं सगळं वाचता येतं. नंबर "नोबडी"वर ठेवला की अनोळखी माणसाला तो दिसत नाही.

पण ज्यामुळे इथं सुरक्षित वाटतं, त्यामुळेच ओळख होत नाही. सगळेच टोपणनावानं असतात. समोरची जालन्याची स्टाफ नर्स आहे की क्लासचा एजंट, कळायला मार्ग नाही. "पेपर मिळेल, आधी पैसे भरा" म्हणणारे इथंच भेटतात, "जर्मनीत थेट नोकरी" म्हणणारेही. साधे चॅट आणि ग्रुप इथं एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असे, नसतात. ती सोय फक्त सीक्रेट चॅटला आहे. त्यामुळे रुग्णाचं काहीही इथं नको. अभ्यासाला या, अभ्यास करून निघा.

फेसबुक: नाव दिसतं आणि मागे घरही

चाळिशीच्या पुढच्या सिस्टर इथं रमतात, आणि त्यांचं चुकत नाही. मराठीत मोकळं लिहिता येतं, लांब लिहिता येतं. बदल्या, पेन्शन, पदोन्नती, संघटनेच्या बैठका यांवरची चर्चा खासगी ग्रुपांत चांगली चालते. वीस वर्षांपूर्वी सोबत ट्रेनिंग केलेली मैत्रीण सापडायची तर इथंच सापडते.

मात्र इथं कामाचं आणि घरचं एकत्र होतं. भाच्याच्या बारशाचा फोटो, नवऱ्याचं नाव, गाव, घरासमोरची गाडी हे सगळं, आणि त्यातच तुमचं हॉस्पिटल. खातं आधीपासूनच असेल तर जुन्या पोस्ट एकदा "फ्रेंड्स"पुरत्या करून घ्या. ती सोय सेटिंग्जमध्ये आहे, एका दमात होते.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक. राज्य शासनानं जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही, गोपनीय कागद टाकायचे नाहीत. १९७९ चे वर्तणूक नियम तर आहेतच. वॉर्डात ग्लोव्हज संपलेत हे दुःख खरं असतं, मी कैक वेळा भोगलंय. पण ते फेसबुकवर लिहून ग्लोव्हज येत नाहीत, नोटीस येते. ते लेखी द्या, मेट्रनच्या सहीनं द्या, आणि पोचपावती जपून ठेवा.

लिंक्डइन: काम दिसतं

मी सगळ्यात उशिरा आले ती इथं. इंग्रजीतली, कंपन्यांतल्या साहेबांची जागा असं मला वाटायचं. आता ते मराठीतही वापरता येतं. पण खरी गोष्ट भाषेची नाही. इथं समोरच्याला पहिल्यांदा दिसतं ते तुम्ही काय करता हे. नंबर दाखवावा लागत नाही, घरही दाखवावं लागत नाही.

त्या ज्युनिअर सिस्टरचं खातं आम्ही कँटीनच्या बाकावर बसून काढलं. नावाखालच्या ओळीत तिनं आधी लिहिलं, "स्टाफ नर्स." म्हटलं, पुसून टाक. असं लिहिणाऱ्या लाखभर असतील. तू रोज काय करतेस ते सांग. ती बराच वेळ थांबली. मग बोटांवर मोजत सांगायला लागली: व्हेंटिलेटर आणि सीपॅपवरची (श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावरची) बाळं, कांगारू मदर केअर (बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवणं), एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजनला (बाळाचं रक्त बदलायला) मदत, आयांना दूध काढून पाजायला शिकवणं. शेवटी ओळ अशी झाली: "नवजात शिशू परिचारिका, एसएनसीयू, ४ वर्षं, सीपॅप, कांगारू मदर केअर, स्तनपान समुपदेशन." या ओळीला २२० अक्षरांची जागा असते, तेवढी भरपूर झाली. हीच ओळ इंग्रजीतही लिहिली, कारण पुण्या-मुंबईचा नर्सिंग सुपरिटेंडेंट शोधताना इंग्रजीतूनच शोधणार. ते दोन ओळींचं काम बघून तिचे डोळे भरून आले. आपण एवढं करतो हे तिनं कधी लिहून पाहिलंच नव्हतं.

ओळख वाढवायची रीत इथं वेगळी आहे. दिसेल त्याला "कनेक्ट" दाबत सुटू नका. आधी आपल्या ट्यूटर, जुन्या इन्चार्ज, सोबत काम केलेले डॉक्टर. मग त्यांच्या ओळखीतले. अनोळखी व्यक्तीला विनंती धाडताना दोन ओळींची चिठ्ठी जोडा: मी कोण, कुठं काम करते, तुमचं अमुक वाचलं म्हणून लिहिते. "हाय मॅम" एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही.

दोन खबरदाऱ्या. "ओपन टू वर्क"ची हिरवी पट्टी फोटोवर लावलीत तर ती सध्याच्या मालकालाही दिसते. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय आहे, पण तिथंही गुप्ततेची पक्की हमी नाही. खासगी हॉस्पिटलात असाल तर हे ध्यानात असू द्या. दुसरं, परदेशी नोकरीचा निरोप आला तर हुरळून जाऊ नका. एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं, आणि नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांत मागतोय तो कितीही गोड बोलला तरी तिथंच थांबा. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

लिंक्डइनची कमतरता अशी की आपल्या भागातली माणसं तिथं अजून थोडी आहेत. उपकेंद्रातल्या एएनएम ताईला (गावातल्या परिचारिकेला) तिथं तिच्यासारखं कुणी भेटणं अवघड. आणि फळ यायला वेळ लागतो.

इन्स्टाग्रामबद्दल थोडंसं

शिकवण्याची हौस असेल तर हात धुण्याच्या पायऱ्या, इन्शुलिन कसं टोचायचं, यावर रील करा, लोकांचं भलंच होईल. पण घरी करा, वॉर्डात नको.

हे मी पोळून सांगते. काही वर्षांपूर्वी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्ही वॉर्डात केक कापला आणि मी फोटो टाकला. आम्ही सगळ्या हसत होतो. मागच्या फळ्यावर बेड नंबरसह नावं आणि निदान लिहिलेलं होतं. त्यात एक नाव एचआयव्ही बाधित बाईचं होतं. चाळीस मिनिटांत मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, मी काढला. त्या चाळीस मिनिटांत तिच्या गावातल्या कुणी पाहिला असेल का, याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. मी तिच्यासमोर गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एचआयव्ही बाधितांची गोपनीयता २०१७ च्या कायद्यानं बांधलेली आहे. मानसिक रुग्णांचे फोटो आणि माहिती यांवर त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मर्यादा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि लेकरांच्या बाबतीत पोक्सो कायदा आहे. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नावही कायद्यानं झाकलेलं असतं. चेहरा झाकला तरी गाव, तारीख, हातावरचं गोंदण यांवरून माणूस ओळखू येतो. खेड्यात तर लगेच येतो.

मग कुणी काय घ्यावं

विद्यार्थिनी असाल तर परीक्षेपुरतं टेलिग्राम, आणि शेवटच्या वर्षापासून लिंक्डइन. इंटर्नशिपमध्ये कोणकोणते वॉर्ड केले ते ताजं असतानाच लिहून टाका.

खासगीत तीन-चार वर्षं झालीत आणि पगार हलत नाही, तर बाकी सगळं सोडून लिंक्डइन. परदेशाचा विचार असेल तरी तेच, सोबत भाषेचा अभ्यास.

सरकारी नोकरीत कायम आहात आणि इथंच राहायचंय, तर व्हॉट्सअ‍ॅप नीट आवरून घ्या. साठ ग्रुपांतले पंचावन्न सोडा. फेसबुकवरचा एखादा चांगला मराठी खासगी ग्रुप पुरे. पण पुढं शिकवायचं असेल, ट्यूटर व्हायचं असेल, एखादा छोटा अभ्यास लिहायचा असेल, तर लिंक्डइन लागेलच. नर्सिंग कॉलेजातल्या प्राध्यापक मंडळींशी ओळख तिथं होते.

एएनएम ताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी माझं मत वेगळं आहे. त्यांनी तालुक्यातल्या दहा-बारा जणींचा छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करावा आणि त्यात फक्त कामाचं बोलावं. लसीकरणाच्या सत्रातली अडचण, जोखमीची गरोदर माता कुठं पाठवली, तिथं कुणी दाखल करून घेतलं. रुग्णाचं नाव घालायचं नाही. चांगल्या उत्तरांची दर महिन्याला एक वही करावी, हातानं लिहिलेली चालेल. परळी तालुक्यात कुठली अडचण कशी सुटली, हे त्या वहीतच मिळेल, लिंक्डइनवर नाही.

आमच्या त्या सिस्टरला पहिल्या महिन्यात सात जणांची ओळख जोडता आली. त्यातली एक संभाजीनगरची, नवजात बालकांच्याच विभागातली, पोस्ट बेसिक झालेली. प्रवेशाच्या फॉर्मला कोणती कागदपत्रं लागतात हे तिनं सविस्तर लिहून पाठवलं. आता या आठवड्याच्या ऑफला आम्ही दोघी तिचं अनुभव प्रमाणपत्र आणायला ऑफिसात जाणार आहोत.