आपटेनगर - वाशी नाका पट्टा : बारा महिने बाहेर हिंडणाऱ्यांसाठी राहायला कसा आहे

आधीच सांगते, हा बिल्डिंगचा नाही, एरियाचा रिव्ह्यू आहे. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पलीकडं सानेगुरुजी वसाहत, आपटेनगर, वाशी नाका हा जो पट्टा आहे तिथं मी आणि नवरा भाड्यानं राहतोय. घर शोधताना आमची एकच अट होती, वर्षातले बारा महिने बाहेर पडता आलं पाहिजे. चालणं, पळणं, सायकल, ट्रेक, पोहणं, यातलं काही ना काही, आणि तेही शनिवार-रविवारची वाट न बघता. नोकरी दोघांचीही लॅपटॉपवरची, त्यामुळं शहर कुठलंही चाललं असतं, पुण्यात राहून सिंहगडाच्या पायथ्याला रविवारी सकाळी गाड्यांच्या रांगेत उभं राहणं भरपूर झालं होतं, साताराही डोक्यात होतं, शेवटी कोल्हापूर ठरलं. पण कोल्हापूर ठरलं म्हणजे काम संपलं असं नाही, कोल्हापुरात कुठल्या बाजूला राहता यावर सगळं अवलंबून आहे आणि हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

कोल्हापूर हिंडायला जगात भारी असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंच आहे, पण म्हणणाऱ्यांच्या डोक्यात नोव्हेंबर-डिसेंबर असतो. थंडीत कुठलंही गाव चांगलंच वाटतं. बारा महिन्यांचा हिशोब करायचा असेल तर जुलै बघायचा. धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, चार दिवस सूर्य नाही, तेव्हा तुम्ही घरात बसून राहणार का बूट घालून बाहेर पडणार, यावर जागा ठरवायची. माझ्या मते या कसोटीला हा पट्टा उतरतो, आणि शहरातले बरेच महागडे एरिया उतरत नाहीत.

त्याचं कारण जिल्ह्याच्या पावसात आहे. पश्चिमेला गगनबावडा म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, आणि तिथून पूर्वेला जाल तसा पाऊस धडाधड कमी होत जातो, शिरोळपर्यंत पोचलात की निम्मं आभाळ मोकळं. गगनबावडा शहरापासून साधारण 55 किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला हातकणंगल्याजवळचा रामलिंगचा डोंगर, कुंभोजजवळचं बाहुबली, नरसोबाची वाडी हे सगळं त्याच्याही आत. म्हणजे जुलैत पश्चिमेला ढगफुटीसारखा पाऊस असला तरी त्याच दिवशी रामलिंगला नुसती भुरभुर असू शकते. उलट मे महिन्यात पूर्व भाग भाजून निघतो तेव्हा पन्हाळ्यावर, राधानगरीच्या जंगलात सावली आणि वारा असतो. एकाच घरातून दोन्ही हवा मिळणारी गावं फार नाहीत.

आता रोजचं. रंकाळा घरापासून चालत. पूर्ण फेरी साधारण चार किलोमीटर पडते, शालिनी पॅलेसच्या बाजूनं सकाळी गेलात तर झाडी चांगली आहे, आणि एका बाईच्या नजरेनं सांगते, पहाटे पाचलासुद्धा तिथं एकटं चालायला भीती वाटत नाही कारण तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी असते, मावश्या, काकू, तालमीतली पोरं, निवृत्त मास्तर, सगळे. पाण्याबद्दल मात्र चांगलं बोलता येणार नाही, सांडपाणी आणि जलपर्णीचा प्रश्न अजून आहे, उन्हाळ्यात काही कोपऱ्यात वास येतो, तेवढं धरून चाला. पळायला मला स्वतःला पुईखडीचा चढ आवडतो, शहराचं पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे ती टेकडी, वर गेलं की एका बाजूला अख्खं कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला उसाच्या हिरव्या पट्ट्या. दुसरा पर्याय कळंबा तलाव, तिथून पुढं गारगोटी रोडला कात्यायनीचा डोंगर. थंडीत कळंब्याला पक्षी बघायला लोक कॅमेरे घेऊन बसलेले असतात, आणि पावसाळ्यात सांडवा वाहायला लागला की निम्मं कोल्हापूर तिथं.

सायकलवाल्यांसाठी खरी मजा पन्हाळा-जोतिबाची आहे, हे जरा नीट सांगते. पहाटे गंगावेशीतून शिवाजी पुलावरून बाहेर पडायचं, वडणगे फाटा, केर्ली, तिथून जोतिबाचा घाट चढायचा, जोतिबावरून दानेवाडी मार्गे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचं, पन्हाळा चढायचा आणि वाघबीळवरून सरळ खाली केर्लीत. पन्हाळा शहरापासून 20 किलोमीटरच्या आसपास आहे त्यामुळं ही अख्खी राइड ऑफिसच्या वेळेआधी होते, आणि चढ एवढे की वर्षभर हेच केलं तरी पाय तयार होतात. येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायचंच. म्हैस समोर बांधलेली असते, चरवीत धार काढतात, ग्लासात ओततात तेव्हा निम्मा ग्लास फेसच असतो आणि दूध हाताला कोमट लागतं, त्यापुढं प्रोटीन पावडर वगैरे काही नको वाटतं. पन्हाळा 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी वर गाड्या जास्त असतात, म्हणून मधल्या वारी जावं, इथं राहायचा फायदाच तो आहे.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पायी मोहीम असते, 1660 साली महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले त्या वाटेनं. मसाई पठार, आंबेवाडी, पांढरपाणी असं करत दोन दिवस चिखलातून, धुक्यातून, ओढे ओलांडत, पायाला जळवा चिकटतात, बुटात पाणी पचपच करतं आणि तरी माणसं दर वर्षी हजारोंनी येतात. एकदा तरी करावीच. नुसतं मसाई पठार बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सकाळी जा, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. फक्त गाडी पठारावर घालू नका, चाकाखाली जी माती दबते तिथं पुन्हा फुलं येत नाहीत, पठारावर टायरच्या खुणा बघितल्या की जीव तुटतो.

वाशी नाक्याचा खरा फायदा राधानगरी रोडचा. घरातून निघालं की एकही मोठा सिग्नल न लागता थेट राधानगरी, पुढं दाजीपूर, आणि फोंडा घाट उतरला की कोकण. पहाटे निघालात तर जेवायच्या आत समुद्र. राधानगरी अभयारण्य 1958 पासूनचं, गव्यांसाठी प्रसिद्ध, शहरापासून दाजीपूर साधारण 80 किलोमीटर. पावसाळ्यात जंगल बंद असतं, दिवाळीच्या आसपास उघडतं, तेव्हा आधी चौकशी करून जावं. गवा दिसेलच याची खात्री नाही, पण हडक्याची सरी आणि सावराई सड्याकडं नुसतं फिरलं तरी समाधान होतं. मे महिना संपता संपता, मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी, राधानगरीच्या बाजूला काजवे येतात. एकेक अख्खं झाड एका लयीत चमकतं आणि विझतं. टॉर्च आणि मोबाईल बंद ठेवा, फ्लॅश तर अजिबात नको, काजव्यांची एकमेकांना शोधायची खूणच ती आहे.

पोहण्याच्या बाबतीत मात्र या एरियाला काय, एकूण शहरालाच मार्क कमी. ज्या गावानं वीरधवल खाडेसारखा ऑलिम्पिकला गेलेला जलतरणपटू दिला तिथं बारा महिने स्वच्छ पाण्यात पोहायची सोय अजून वाढायला पाहिजे. उन्हाळ्यात ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर मिळाली तर त्यासारखं सुख नाही. धरणाच्या बॅकवॉटरमध्ये आणि धबधब्याखालच्या डोहात उतरू नका, दर पावसाळ्यात बातम्या येतात.

आता पूर. कोल्हापुरात घर बघणाऱ्यानं भाड्याच्या आधी याचा विचार करावा. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा शहराचा नदीकडचा भाग पाण्यात होता. पावसाळ्यात इथं सगळ्यांच्या तोंडात दोनच आकडे असतात, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. आम्ही घर शोधत असताना एका एजंटनं नदीच्या बाजूचा एक फार सुंदर फ्लॅट दाखवला, मोठी गॅलरी, मागं झाडं, आणि पाण्याचं विचारल्यावर "इथं नाही हो येत मॅडम" म्हणून विषय संपवला. खाली पार्किंगमध्ये वॉचमन मामांना विचारलं तर त्यांनी काही न बोलता भिंतीवर हात ठेवला, माझ्या डोक्याच्या वर रंगाचा फरक स्पष्ट दिसत होता. म्हणून घर बघताना एजंटला नाही, वॉचमनला, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा आणि दोन्ही वर्षांचं वेगवेगळं विचारा. आपटेनगर-पुईखडीची बाजू उंचावर आहे. पूर आल्यावर केर्लीजवळ पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो, गगनबावड्याचा रस्ताही बंद होतो, पण पुईखडी, कळंबा, कात्यायनी हे सगळं आपल्याच बाजूला राहतं, त्यामुळं पळणं थांबत नाही. पन्हाळ्याचं तर 2021 च्या पावसात मुख्य रस्ताच खचला होता, त्यामुळं पन्हाळ्यावरच जाऊन राहू असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पावसाळा आठवावा.

दुसऱ्या एरियांचं थोडक्यात. सागरमाळ, आर. के. नगर ही विद्यापीठाची बाजू चालणाऱ्या-पळणाऱ्यांसाठी माझ्या पट्ट्यापेक्षा चांगली आहे हे मान्य, शिवाजी विद्यापीठाचा परिसर आठशे एकरांवर आहे, झाडी आहे, मोर दिसतात, पूर्वेकडं आणि हायवेला पटकन निघता येतं. पण घाटाकडं जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं आणि मग माणूस रविवारवर ढकलतो. लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर मी तीच बाजू सुचवीन. ताराबाई पार्क, नागाळा पार्क राहायला सुरेख पण भाडी जास्त, आणि नागाळा पार्कचा काही भाग पुरात येतो. पाचगाव-कळंबा बाजू पण वाईट नाही, फक्त पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे विचारून घ्या.

आमच्या पट्ट्यातले त्रास. फुलेवाडी रिंगरोडची अवस्था पावसात भयंकर असते, खड्ड्यात पाणी भरलं की खोली कळत नाही, सायकलचं पुढचं चाक वाकेल. रात्री कुत्री मागं लागतात. आणि गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, राधानगरी रोडला उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या, बाजूला ऊस बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, आणि गाण्यांचा आवाज एवढा की तुमची घंटा ऐकू जाणं शक्यच नाही. या दिवसात अंधारात सायकल काढू नका, उजाडल्यावरच निघा आणि मागं भडक लाइट लावा. हे मी अगदी कळकळीनं सांगतेय, थंडीत राइड सगळ्यात छान होते आणि नेमका तेव्हाच रस्ता सगळ्यात धोक्याचा असतो.

घर घेताना दोन बारक्या गोष्टी बघा. पार्किंगमध्ये चिखलाची सायकल धुवायला नळ आहे का, आणि गॅलरी पश्चिमेला उघडी आहे का. पश्चिमेची गॅलरी असेल तर जून ते सप्टेंबर पाऊस सरळ आत येतो आणि काही म्हणजे काही वाळत नाही, आमच्या इथं बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फ्रीजच्या मागं ठेवावे लागतात. भाडं ताराबाई पार्कच्या मानानं बरंच कमी आहे, भाजी-दूध खाली मिळतं, केएमटीची बस आहे.

पाचपैकी चार देईन. एक रिंगरोड आणि पोहण्याच्या सोयीसाठी कापला. घर बघायला शक्यतो जुलैच्या शेवटी या, भर पावसात, स्वतःची सायकल घेऊन, आणि वाशी नाक्यावरून पुईखडी चढून बघा.